ज्येष्ठमधाचं आइस्क्रीम

मंगळवार, दिवेलागण

अण्णांच्या सोललेल्या घशाला गार बरं वाटतं, म्हणून आज ज्येष्ठमधाचं आइस्क्रीम केलं. भजनाआधी ते ज्येष्ठमधाचीच काडी चघळायचे. कॅन्सरवरचे रेडिएशनचे शेक घेतल्यापासून आवाजच गेलाय. मशीन कुठलं आपल्याकडं! डब्यात गोठवायचं, काढायचं, रवीनं घुसळायचं. त्यात लाइट गेली, पार पाणी झालं, मग परत पहिल्यापासून.

अण्णांनी वाटी चाटूनपुसून संपवली. कुजबुजले, "लई गोड झालंय, पोरी. उद्या बी कर."

हरखलेच मी. मग डब्यातलं उरलेलं बोटानं चाटलं, तर कडूजहर! काडी कशापायी एवढी उकळली मी?

त्यांनी माझं मन राखलं, की जिभेची चवच गेलीय? विचारायची छाती होत नाही.

उद्या चांगलं जमलं तरी ते हेच म्हणतील.