पेटीची पूजा

आळेफाटा
७ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
धाकट्या तेजूचा सा. न. वि. वि.

तू म्हणतेस ते खरं, तुझ्या घरचा फोन म्हणजे गावची चावडी. परवा मी तुला इंजेक्शनचं विचारत होते आणि मधूनच तुझ्या सासूबाईंनी मला वांग्याचा भाव सांगितला. तेव्हा कामाचं सगळं पत्रानेच, आणि तेही तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर.

बातमी अशी की आमच्या लॅबमध्ये नवी पेटी आली. पेटी म्हणजे इन्क्युबेटर. बीजं फळली की पुढचे पाच दिवस गर्भ हिच्यात वाढतात. जुन्या पेटीतला गर्भ बघायचा तर दार उघडून ताटली बाहेर काढावी लागायची आणि तेवढ्यानंही त्याला गार लागायचं. हिच्या पोटातच कॅमेरा आहे. दर थोड्या वेळानं फोटो निघतो आणि तो मला मोबाइलवरसुद्धा दिसतो. वर संगणक प्रत्येक गर्भाला गुण देतो, म्हणजे आता जन्माच्या आधीच परीक्षा! त्या गुणांवर माझा अजून पुरता विश्वास नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाला नापास करत नाही.

पण पेटी कितीही शहाणी असली तरी ती खोलीतलीच हवा आत ओढते, आणि आमच्या दारात हायवे, शेजारी गॅरेज. मागच्या महिन्यात हवेचा फिल्टर बदलला तो तव्याच्या बुडासारखा काळा निघाला. फिल्टर धूळ अडवतो, वास मात्र सगळे अडत नाहीत. अत्तर, रंग, उदबत्ती, जे काही दरवळतं ते ताटलीत उतरतं आणि गर्भाला सोसत नाही. म्हणून आत्ताच सांगते, तुझी बीजं काढायच्या दिवशी डोक्याला तेल नाही, पावडर नाही, गजरा नाही, आणि दाजींनी ते काखेत फवारायचंही नाही. रुसू नकोस. मी स्वतः तीन वर्षं वासाचा साबण लावलेला नाही, बहुतेक म्हणूनच मला कुणी मागणी घालत नाही.

इंजेक्शनं वेळच्या वेळी घे. दाजींना नमस्कार. राग आला तर भांड, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
तेजू


शिनोली
१२ सप्टेंबर २०२५

चि. तेजूस,
ताईचे अ. उ. आ.

तुझे नियम घरात वाचून दाखवले आणि सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं ते तुझ्याच नावानं. म्हणाल्या की तुजी बहीण लई शिकली, पर तिला रीतभात न्हाई. लेकराला बोलवाया निघालेली सवाष्ण काय बिनफुलाची जाती व्हय? मी म्हटलं, लेकरू आल्यावर रोज गजरा माळीन, हवं तर दोन. त्यावर हसल्या, पण मनातून गेलेलं दिसत नाही.

पोटाला सुया टोचून टोचून कातडी निळी पडली आहे. त्याचं काही नाही. पुण्यात दोनदा केलं, दोन्ही वेळा वाया गेलं, आणि आता मी एकोणचाळिशीत. तुझ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की यानंतर माझी बीजं मिळतील असं धरून चालू नका. दुसऱ्या बाईचं बीज घेता येतं हे मी ह्यांच्यापाशी एकदा काढून बघितलं. रागावले नाहीत. उठून विहिरीवर मोटर चालू करायला गेले. म्हणजे काय ते मी समजले.

सासूबाईंबद्दल तुझा गैरसमज नको. सतरा वर्षांत त्यांनी मला टोचून एक शब्द काढलेला नाही. पण भावकीत बारसं असलं की पाळण्याच्या दोरीला हात लावायला माझ्यामागच्या बाईला पुढे बोलावतात. शब्दापेक्षा ते जास्त लागतं गं. गावातली पोरं दर महिन्याला मीच वजनकाट्यावर ठेवते, तेव्हा चालतं.

तू तिथं आहेस एवढाच धीर आहे. जपून राहा, वेळेवर जेव, आणि पत्रात खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई


आळेफाटा
२९ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मघाशी फोनवर नीट सांगता आलं नाही. तुझ्या सहा बीजांपैकी चार फळली! मी आज सकाळी पडद्यासमोर उभी राहून एकटीच हसत होते. चारही आत्ता नव्या पेटीत आहेत. अजून खूप पल्ला आहे, पाचव्या दिवसापर्यंत टिकले तर खरे, म्हणून गावभर पेढे वाटू नका.

काल सासूबाई बिनफुलाच्या सुनेबरोबर मुकाट्यानं आल्या, याचं मला कौतुक वाटलं. बाहेर बसल्या बसल्या त्यांनी आमच्या भिकाभाऊंशी नातंही काढलं म्हणे. भिकाभाऊ म्हणजे आमचे लॅबचे मदतनीस. गॅसची नळकांडी बदलणं, फरशी पुसणं सगळं त्यांच्याकडे. ते आहुप्याचे, आणि आहुपे तुझ्या सासूबाईंचं माहेर. झालं, भावा-बहिणीची भेट!

आता माझी एक लढाई सांगते. परवा खंडेनवमी. दवाखान्यात दर वर्षी सगळ्या यंत्रांना हार, हळदकुंकू आणि धूप. गेल्या वर्षी लॅबच्या आतही झालं आणि मी आठवडाभर हवा मोजत बसले होते. यंदा मी हट्टच धरला. डॉक्टर म्हणाले, लोकांच्या श्रद्धेला नाही म्हणता येत नाही. मग मला एक युक्ती सुचली. नव्या पेटीचा मोठा फोटो छापून घेतलाय. तो लॅबच्या बंद दाराबाहेर स्टुलावर ठेवायचा आणि हार, कुंकू सगळं त्यालाच. डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. भिकाभाऊ तेवढे तोंड पाडून बसले आहेत, पण येतील ताळ्यावर.

तेव्हा नवमीला मी तुझ्याकडे जेवायला येते. पेटी मोबाइलवर दिसतेच. पुरणाचं कर, आणि वाढताना हात आखडू नकोस.

तुझी,
तेजू


शिनोली
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. तेजूस,
अ. उ. आ.

काल तू आलीस आणि घराला सण आला. मोबाइलवर ते चौघं बघितल्यापासून सासूबाईंना दुसरं काही सुचत नाही. द्राक्षाच्या घडासारखे दिसतात म्हणाल्या, आणि चष्मा पुसून पुसून विचारत होत्या की यातला बापावर, म्हंजी बाळासाहेबावर, कंचा गेलाय. तू गेल्यावर ह्यांनी मला हळूच विचारलं की खरंच काही सांगता येतं का! मायलेक सारखेच.

आज सोनं वाटताना सासूबाईंनी पहिलं पान माझ्या हातावर ठेवलं. मी डोळे टिपले तर म्हणाल्या, रडायचं न्हाई, माझ्याकडून करायचं ते म्या केलंय. काय केलंय ते काही सांगितलं नाही, नुसत्या गालात हसल्या. एवढं चांगलं चाललंय की मला भीतीच वाटते. उद्या पाचवा दिवस. फोन कर, सगळ्यांसमोर वाजला तरी चालेल.

देव तुझ्या हाताला यश देवो. आहेस तशीच राहा.

तुझी,
ताई


आळेफाटा
५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी फक्त एवढंच म्हणाले की चारही थांबले. पलीकडे सगळे ऐकत होते, म्हणून पुढचं बोलले नाही. आता सगळं लिहिते, कारण तुला कळायला हवं.

नवमीच्या दुपारपर्यंत चारही उत्तम वाढत होते. तुझ्या ओसरीवर बसून मी दाखवले ते खोटं नव्हतं. संध्याकाळपासून एकेक मंदावत गेला आणि शुक्रवारी सकाळी चौघांतही काही उरलं नव्हतं. मी पडद्यासमोरून उठलेच नाही. तेव्हा भिकाभाऊ आले आणि माझी समजूत काढू लागले. म्हणाले की म्याडम, घाबरू नका, तुमच्या ताईच्या पेटीची पूजा म्या आत जाऊन केलीय. मी तुझ्याकडे जेवत होते तेव्हा. नळकांडी बदलायची किल्ली त्यांच्याकडे असते. पेटीला हार घातला आणि तिच्यासमोर गुगुळ आणि कापूर जाळला, बंद खोलीत, चांगला पाऊण तास.

मी ओरडले, ताई. आयुष्यात कुणावर ओरडले नसेन अशी. ते बिचारे म्हणाले, की फोटोला हार मेलेल्या माणसाच्या घालत्यात म्याडम. पेटीत लेकरं हायेत अन् तिच्या फोटूला हार बघून माझ्या काळजात चर्र झालं, म्हणून तो अपशकुन मोडाया आत गेलो.

आपले अण्णा गेल्यापासून त्यांच्या फोटोला दर वर्षी मीच हार घालते गं. एवढी शहाणी मी, मला ते कसं सुचलं नाही? गुगुळ कुणी दिला ते मात्र ते सांगत नाहीत. एका माउलीनं विश्वासानं दिला, नाव घेणार नाही, एवढंच.

धुरानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तुझ्या वयात गर्भ आपोआपही थांबतात. त्याच खोलीत आणखी दोन जोडप्यांचे होते, त्यातल्या एकीचे थांबले, एकीचे तगले. पण हवा मोजणाऱ्या यंत्राची रेघ दुपारी भिंतीसारखी उभी चढली आहे, आणि ती मी बघितली आहे. डॉक्टर म्हणतात, सिद्ध काही होत नाही, उगाच बोभाटा नको. अहवालात बीजांचा दर्जा कमी असं लिहा आणि भिकाला काढून टाका. म्हणजे खापर तुझ्या डोक्यावर. मी अजून सही केलेली नाही. खरं सांगितलं तर नोकरी जाईल, त्याचं मला एवढं नाही. पण काय करू ते तू सांग. मला काही सुचत नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगायला तोंड नाही, तरी सांगते.

तेजू


शिनोली
९ ऑक्टोबर २०२५

चि. तेजूस,
ताईचे अ. उ. आ.

पत्र अंगणवाडीत वाचलं. पहिल्यांदा राग आला, तुझा, भिकाभाऊंचा, तुझ्या त्या पेटीचा, सगळ्यांचा. पोरांना खिचडी वाढायची होती, ती मदतनीस बाईंनी वाढली. मग पुन्हा वाचलं आणि गुगुळापाशी थांबले. ती माउली कोण ते मला कुणी सांगायला नको. बीजं काढायला निघालो त्या सकाळी सासूबाई ओट्यावर पुडी बांधत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, माहेरच्या देवाचं हाय.

तुझं विचारणं आधी. भिकाभाऊंना काढू देऊ नकोस. पण धुरानं काय होतं ते त्यांना बसवून समजाव, नियम सांगून नाही, कारण सांगून. ज्या दुसऱ्या बाईचे थांबले तिला खरं सांग, नोकरी गेली तरी सांग. तिच्याही घरी सासू असेल, नवरा असेल, आणि ती आत्ता स्वतःलाच बोल लावत बसली असेल. तिला ती रेघ दाखव. फक्त गुगुळ कुणाचा ते कुणाला कळता कामा नये. आणि माझ्या कागदावर डॉक्टर म्हणतात तेच राहू दे. सही कर. कारण मी घरी तेच सांगितलं आहे.

त्या दिवशी घरी गेले ती सगळं बोलून टाकायचं ठरवूनच. सासूबाई दारात शेंगा फोडत होत्या. तेजूनं काय लिवलंय म्हणून त्यांनीच विचारलं. मी तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. चार-पाच दिवसांत बाई एवढीशी झाली आहे. मला नाही जमलं गं. म्हटलं, माझीच बीजं कमी पडली.

त्यांनी सूप बाजूला सारलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत म्हणाल्या, की येडी का खुळी तू? म्या तिथं पेटीम्होरं एवढा गुगुळ जाळाया लावला, तरी देवानं ऐकलं न्हाई. मग त्यात तुजा काय दोस, बाई?

सतरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते, तेजू. ते मिळालं ते असं. मी त्यांच्या मांडीत तोंड खुपसून पडून राहिले. त्यांना वाटलं, मी लेकरांसाठी रडते आहे.

दिवाळीला ये. पोटभर भांडू आणि पोटभर रडू, पण ये. तुझ्यावर माझा राग नाही, आणि तूही स्वतःवर धरू नकोस.

तुझी,
ताई