बूट घातलेले नाग

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझं तुम्हाला हे पहिलंच पत्र. तुम्ही असताना लिहायचा प्रसंगच आला नाही. एका घरात राहणाऱ्या सासू-सुना एकमेकींना पत्रं कशाला लिहितील? पण गेल्या रविवारी मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून कुकर लावताना, पार्कात फेऱ्या मारताना मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. भांडायचं तर समोर बसून, असं तुम्हीच म्हणायचात. म्हणून आज, नागपंचमीच्या दुपारी, इरा झोपली आहे तोवर कागद घेऊन बसले.

इरा म्हणजे आपल्या मृणालची मुलगी. चार वर्षांची आहे. मृणाल आणि तिचा नवरा सकाळी गुडगावला ऑफिसला जातात आणि ही दिवसभर इथे नोएडाला, आमच्याकडे. मला नानी म्हणते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. तुम्ही असतात तर आठवड्याभरात तिला बोलतं केलं असतंत!

आषाढात आम्ही घराला रंग लावून घेतला. बाहेरच्या खोलीची मोठी भिंत मी हौसेने सायीच्या रंगाची करून घेतली होती. रविवारी आम्ही सगळे जेवत असताना इरा सोफ्यामागे शिरली आणि जांभळ्या खडूने तिने त्या भिंतीवर लांबच लांब मेट्रो काढली. डबे, डब्यांना खिडक्या, खिडक्यांत माणसं आणि प्रत्येक माणसाच्या हाताला मोजून पाच बोटं.

मृणाल तिच्यावर ओरडली. इराचं तोंड एवढंसं झालं. मी ओला स्पंज आणला, पण पुसण्याआधी लेकराला हसवावं म्हणून तिला मांडीवर घेतलं आणि आपली अळ्यांची गोष्ट सांगायला लागले. तुझी मम्मा काही कमी नव्हती, म्हटलं.

ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे. सरोजिनी नगरचं आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर. तुमच्या अरुणचे नवे साहेब बायकोला घेऊन पहिल्यांदाच चहाला येणार होते. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसातून मी अर्धा तास आधी निघाले, बस पकडून धावतपळत घरी पोचले आणि पाहते तर स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या बरोबर समोर, भिंतीवर पाच पिवळ्याजर्द अळ्या! वळवळणाऱ्या, अंगावर लाल ठिपके आणि प्रत्येकीच्या पायात निळे बूट. खाली दुधाची वाटी, जमिनीवर लाह्या सांडलेल्या. शेजारी चार वर्षांची मृणाल, हातात निळा खडू घेऊन. मी तिच्या हातावर एक चापट दिली, पदर खोचला, भांड्यांची पावडर आणि काथ्या घेऊन दहा मिनिटांत भिंत घासून काढली. लाह्या झाडून टाकल्या, दूध मोरीत ओतलं आणि साहेबांची स्कूटर थांबायच्या आत साडी बदलून दारात हसत उभी राहिले. शेवटी मी विचारायची, बूट घातलेल्या अळ्या कुणी पाहिल्या आहेत का? आणि सगळे हसायचे.

पस्तीस वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे. मृणालच्या लग्नात तिच्या सासरच्यांना हिंदीत सांगितली. तेव्हा तुम्ही माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होतात. हसत होतात.

रविवारी मात्र गोष्ट संपायच्या आतच मृणाल म्हणाली, "आई, त्या अळ्या नव्हत्या."

मी म्हटलं, मग काय होतं? साप?

"आजीचे नाग होते. नागपंचमी होती त्या दिवशी. मी फक्त बूट घातले."

स्पंजातलं पाणी माझ्या मांडीवर गळत होतं, ते इराने मला दाखवलं.

आई, तुम्हाला सांगते, तेवढ्या वेळात ती सगळी भिंत मला पुन्हा दिसली. पिवळा रंग खडूचा नव्हताच, हळदीचा होता. लाल ठिपके कुंकवाचे होते. वाटीतलं दूध कुणी अर्धवट पिऊन टाकलेलं नव्हतं. आणि त्या लाह्या! दिल्लीत ज्वारीच्या लाह्या मिळायच्या नाहीत म्हणून तुम्ही मिरजेहून येताना डब्यात भरून आणल्या होत्यात. तुमची दिल्लीतली ती पहिली नागपंचमी. मी तुमचा नैवेद्य केरसुणीने झाडला.

सकाळी तुम्ही म्हणाला होतात, आज सुरी धरू नकोस, तवा ठेवू नकोस. मी पर्स शोधता शोधता ‘हो आई’ म्हणाले आणि तुमचा कसला तरी उपास असेल असं समजून दुपारी कँटीनमध्ये जेवले. मला काय ठाऊक! माझं माहेर दिल्लीतलं, आमच्याकडे गणपती आणि दिवाळी सोडली तर बाकी सगळे दिवस सारखेच. माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकाशी एक सपेरा नागाची टोपली घेऊन यायचा आणि सिस्टर फाटक लावून घ्यायच्या, एवढीच माझी नागपंचमी. सिस्टरनी आम्हाला स्वच्छ भिंती मात्र पक्क्या शिकवल्या होत्या.

तुम्ही अरुणला सांगितलं होतंत म्हणे, सूनबाईला सगळं समजावून सांग. रविवारी मी त्याला विचारलं. पेपर खाली न करता म्हणतो, मला वाटलं तुला माहीत असेल. घ्या, हा तुमचा मुलगा!

पण मला खरं भांडायचं आहे ते तुमच्याशी. तुम्ही का नाही बोललात?

मृणालला मी चापट मारली तेव्हा तुम्ही तिला जवळ ओढलंत आणि एवढंच म्हणालात, "पोरीला मारू नकोस. खडू मी दिलाय तिला." मी काय उत्तर दिलं तेही मला शब्दन् शब्द आठवतं. "आई, तुम्ही हिला लाडावून ठेवता. भिंत काय पाटी आहे?" तेव्हा म्हणायचं होतंत ना, अगं ती पूजा आहे माझी! मी तिथेच थांबले असते. तुम्ही मात्र स्वयंपाकघरात गेलात आणि पुरणाची दिंडं उकडायला ठेवलीत. पाहुण्यांसाठी काहीतरी गोड केलंय, असं मला वाटलं. साहेबांच्या बायकोने चार खाल्ली. माताजी, ये तो कमाल है, म्हणाली. भिंतीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. आणि मी घासून घासून डिस्टेंपर असा काही काढला होता की तुमच्या नागांपेक्षा तो पांढरा डागच मोठा दिसत होता.

पुढच्या वर्षीपासून तुम्ही नाग पाटावर काढायला लागलात, देव्हाऱ्याजवळ, आपल्या कोपऱ्यात. मला वाटायचं, पाटावरच काढत असतील. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं सापडतात ती कहाणी तुम्ही दरवर्षी वाचायचात आणि मी हात जोडून ऐकायची. आपल्या घरी ती काथ्याखाली सापडली होती, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मृणाल सांगते, त्या दिवशी साहेब गेल्यावर तुम्ही तिच्या कानात म्हणालात, आईला सांगू नकोस हं, तिला फार लागेल. चार वर्षांच्या पोरीने ते पस्तीस वर्षं पाळलं. तुम्ही दोघी गप्प राहिलात आणि मी माझी अळ्यांची गोष्ट घेऊन गावभर हिंडले. प्रत्येक वेळी ती ऐकताना तुम्हाला काय वाटत होतं? माझी कीव येत होती का?

पहिले दोन दिवस मला हेच डाचत होतं. मग मंगळवारी पार्कात चालता चालता एकदम आठवलं आणि मी बाकावर बसून एकटीच हसले. त्या श्रावणापासून तुम्ही मला, माझ्या कॉन्व्हेंटवरून, ‘मिशनच्या बाई’ म्हणायला लागला होतात! मिशनच्या बाईंना चहा दे गं मृणाल. मिशनच्या बाईंची पर्स हलवू नका. दिवाळीपर्यंत चाललं होतं ते. मला वाटायचं, सासूबाई किती थट्टेखोर! तुम्ही रागावला होतात. चांगल्याच रागावला होतात आणि रोज थोडा थोडा राग काढत होतात. आई, तुम्हाला सांगू, मला केवढं बरं वाटलं! सोशीक सासू म्हणून तुम्हाला हार घालून भिंतीवर टांगायला मी तयार नाही. माझ्यावर मनापासून चिडणारी आणि तरी पोरीला गप्प करून मला सांभाळून घेणारी सासू मला हवी आहे, आणि तीच मला मिळाली होती.

तेव्हा माझी चूक मी मान्य करते. कान देऊन ऐकलं नाही, ही चूक माझी. न बोलणं ही तुमची. यात अरुणचाही वाटा आहे, पण त्याच्याशी मी इथेच बोलून घेईन.

काल रंगारी इस्माइलभाई उरलेलं टचअप करायला आले. मेट्रो बघून म्हणाले, मॅडम, एकच हात मारतो, काही दिसणार नाही. मी म्हटलं, भैया, ये दीवार छोड़ दो. ते हसले. आमच्या घरच्या भिंती बघाल तर कुणी म्हणणार नाही की पेंटरचं घर आहे, म्हणाले, आणि बाल्कनीचं काम करून गेले.

आणि आज सकाळी मी हळद कालवली. मेट्रोच्या खाली जागा होती, तिथे नाग काढायला बसले. पण आई, मला येईना! दरवर्षी तुमच्या पाटाला हात जोडले, नाग कसा काढतात ते कधी पाहिलंच नाही. पहिला काढला तो थेट चमच्यासारखा दिसायला लागला. तुमच्यानंतर तर आमच्याकडे बाजारातलं छापील चित्रच असायचं. आता ज्या भिंतीवरून मी तुमचे नाग पुसले ती भिंतही उरलेली नाही, ते क्वार्टर कधीच पाडलं. कुणाला विचारू?

इराला सोडायला मृणाल आली होती. ऑफिसला उशीर होत होता, चपलाही काढल्या नव्हत्या. माझा चमचा पाहून तिने चपला काढल्या, लॅपटॉपची बॅग खाली ठेवली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"आधी फणा," ती म्हणाली. "मग अंग. शेपूट सगळ्यात शेवटी, आणि ती वळवून आत घ्यायची, म्हणजे नाग घर सोडून जात नाही."

तुमचाच सूर होता, आई. शब्दही तुमचेच असणार, कारण माझे तर नव्हेत. तिचं बोट भिंतीवरून न थांबता फिरत गेलं. एक, दोन, पाच नाग. त्या दिवशी तुम्ही तिचं बोट धरून गिरवून घेतलं होतंत म्हणे. माझ्या काथ्याला तेवढं पुसता आलं नव्हतं.

आम्ही लाह्या ठेवल्या, दूध ठेवलं, नमस्कार केला. मग इरा पुढे आली. भिंतीजवळ उकिडवी बसून तिने पाचही नाग नीट पाहिले.

"नानी, इनके पैर कहाँ हैं?"

मृणाल माझ्याकडे बघायला लागली. मी उठले, कपाटावर लपवून ठेवलेली खडूंची पेटी काढली आणि इराच्या हातात दिली.

या वेळी बूट जांभळे आहेत. नाग मेट्रोने कुठेतरी जाणार आहेत, असं ती म्हणते. संध्याकाळी परत येतील म्हणे, शेपट्या आत आहेत ना.

आज घरात सुरी चालली नाही, तवा ठेवला नाही. दिंडं केली. तीन फुटली, बाकीची चांगली झाली. अरुणने सहा खाल्ली.

आता दोन गोष्टींचा शब्द देते. अळ्यांची गोष्ट मी पुन्हा सांगणार नाही. नागांची सांगेन, माझ्या काथ्यासकट, आणि इराला ती मराठीत सांगता येईपर्यंत सांगत राहीन. आणि ही भिंत आहे तशीच राहील. पुढच्या श्रावणात तिच्यावर आणखी पाच नाग येतील, कितीही मोठे साहेब चहाला येणार असले तरी.

इरा उठली वाटतं. खडूंच्या पेटीचा आवाज येतो आहे.

तुमची,
मिशनची बाई
(ललिता)