क्लिक केल्यावर सोजरबाई

१ सप्टेंबर २००८, सोमवार
नवी रोजनिशी. जानेवारीत सुरू केलेली बायकोने, पूनमने, रेसिपी उतरवायला घेतली.

आज कारखान्यात मीटिंग. वेबसाईटवर नकाशा करायचं ठरलं. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतला उसाचा एकूण एक प्लॉट त्यात दिसणार. प्लॉटवर क्लिक केलं की तो कोणाचा, उसाची जात कुठली, लागण कधीची, तोडणीला आला की नाही, सगळं समोर. तोडणीच्या टोळ्या यंदा त्यावरूनच सोडायच्या. शेतकी अधिकारी ढमढेरेसाहेबांनी विचारलं, कोण करील? मी हात वर केला. कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख मीच. विभागात मी आणि रश्मी. ती कोरेगाव भीमाची, एमसीए, आल्याला सहा महिने झाले. तिने हात वर केला नाही. आत्मविश्वासाचा अभाव.

दसऱ्यापर्यंत नकाशा तयार. उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

५ सप्टेंबर
पाचला उठलो होतो. लोडशेडिंग होतं. परत झोपलो. यात माझा दोष नाही.

पूनमला लेयर म्हणजे काय ते समजावलं. एकावर एक पारदर्शक कागद ठेवायचे. एकावर रस्ते, एकावर भीमा नदी, एकावर कालवे, एकावर उसाचे प्लॉट. वरून बघितलं की सगळं एकदम दिसतं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग तुमच्याकडं एवढे कागद आहेत तर दळण कोण आणणार? मोठ्या कामाची घरात कदर नसते.

१२ सप्टेंबर
नकाशा उमटला! नदी, कालवे, वरवंडपर्यंतचे प्लॉट, सगळं. डोळ्यांत पाणी आलं. प्लॉटवर क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. माऊस खराब आहे. नवीन मागवला.

१८ सप्टेंबर
नवीन माऊसने क्लिक होतं. कुठंही क्लिक केलं की "तालुका: दौंड" येतं. उसावर दौंड, कालव्यावर दौंड, नदीच्या मधोमध दौंड. रश्मी म्हणाली, सर, तालुक्याचा लेयर सगळ्यात वर पडलाय, क्लिक त्यालाच लागतोय. मला ते दिसलंच होतं.

साहेबांना दाखवलं. सांगितलं, ही पहिली फेज. साहेबांनी तीन ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाले, "जयसिंग, हे दौंड आहे हे मला माहीत होतं रे."

९ ऑक्टोबर, दसरा
सर्व्हरची पूजा केली. हार, हळदकुंकू. कुंकू कीबोर्डात गेलं, आता "क" दाबला की अडकतो. नकाशा दिवाळीपर्यंत. दसरा ही तारीख मुळातच घाईची होती.

२४ ऑक्टोबर
झालं! तालुक्याचा लेयर बंद केला. प्लॉटवर क्लिक. नाव, जात, लागण, सगळं स्वच्छ मराठीत. आधी मराठीच्या जागी नुसते चौकोन यायचे, ते रश्मीने घालवले. मी मार्गदर्शन केलं.

माहितीची यादीही मीच साफ केली होती. मधे एक ओळ रिकामीच होती, नाव नाही, जात नाही, नुसता गट नंबर. असली घाण मला चालत नाही. डिलीट.

रश्मीचं म्हणणं, आठदहा प्लॉट प्रत्यक्ष जाऊन पडताळावेत. मी म्हणालो, मग कॉम्प्युटर कशाला घेतला? शिवाय उसाच्या पानांनी माझ्या मानेला खाज सुटते.

३१ ऑक्टोबर
दिवाळीला वरवंडला, सासुरवाडीला जाऊन आलो. पूनमचे वडील, हौसराव मामा, एकटेच असतात. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. मामा दिवसभर शेतात. मला म्हणाले, "जावईबापू, चला, कालव्याकडचं बेणं दाखवतो. लई झ्याक आलंय. जानेवारीच्या लागणीला निम्म्या गावाला माझंच बेणं जायाचंय." जेवण जड झालं होतं. म्हणालो, मामा, मी तुमचं शेत ऑफिसातूनच बघीन. ते टोपी चढवून एकटेच शेताकडे गेले. बहुधा भारावले असावेत.

३ नोव्हेंबर
शब्द पाळला. मामांच्या कालव्याकडच्या प्लॉटवर क्लिक केलं.

सोजरबाई ज्ञानू टेंगले. आडसाली. लागण जुलै २००७. तोडणीस योग्य.

परत क्लिक केलं. सोजरबाई.

मामांनी जमीन कोणाला तरी दिली आणि आम्हाला पत्ता नाही. लागणीसाठी ऊस राखलाय, बेणंबिणं, सगळी थाप. पण कोण ही सोजरबाई?

४ नोव्हेंबर
विचार करकरून डोकं दुखतंय. मामा एकटे. अलीकडे दाढी रोज करतात. दिवाळीत नवीन टोपी होती. मी पोरगा नाही, मला कळतं.

पूनमला हळुवारपणे सांगायचं ठरवलं आहे.

५ नोव्हेंबर
हळुवारपणे सांगितलं. पूनमने पोळी तव्यावर तशीच सोडली. पोळी जळाली. म्हणाली, माझ्या बापाबद्दल असलं बोलायला जीभ कशी रेटते तुमची? मी म्हणालो, मी नाही बोलत, सर्व्हर बोलतोय. तिने गॅस बंद केला. डबा मिळाला नाही.

१० नोव्हेंबर
घरात अबोला. सासरेबुवांच्या चुकीची शिक्षा जावयाला.

पण ऑफिसात यश. साहेबांनी गळीत हंगामासाठी नकाशा चालू केला. आता तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणारे चिटबॉय, टोळ्यांचे मुकादम, सगळे माझ्या प्रिंटवर चालणार. संध्याकाळी बॅडमिंटन सुरू करायचा निश्चय.

१३ नोव्हेंबर
आज ती स्वतः ऑफिसात आली. सोजरबाई!

साठीपुढची बाई. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. मला धक्का बसला पण चेहऱ्यावर दाखवला नाही. म्हणाली, "सायेब, माझ्या उसाला तुरा आलाय. वजन चाललंय माझं. टोळी कवा येनार?" मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. क्लिक करून दाखवलं. म्हणालो, मावशी, हा बघा तुमचा प्लॉट, कालव्याला लागून, तोडणीचा नंबर लागलाय. तिने चष्मा लावला, स्क्रीनला नाक लावून बघितलं. "ह्यो माझा न्हाई. ह्यो हौसरावभाऊंचा. माझा बांधाच्या पल्याड."

भाऊ! मुद्दाम भाऊ म्हणाली. रश्मीसमोर. मी नुसता हसलो. म्हणालो, काळजी करू नका, मला सगळं माहीत आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. जाताना रश्मीला काहीतरी विचारत होती. बहुधा मी कोण ते.

रश्मी म्हणाली, सर, एकदा फोन करून विचारूया ना मामांना. मी म्हणालो, घरच्या नाजूक गोष्टी ऑफिसच्या फोनवर नको.

१७ नोव्हेंबर
ऐतिहासिक दिवस. नकाशावरून पहिली टोळी सुटली. वरवंड, कालव्याकडचा प्लॉट, शेतकरी सोजरबाई टेंगले. मुकादम चिठ्ठी घेऊन गेला. चिठ्ठीवर छोटा नकाशाही छापला होता, माझी कल्पना. सोजरबाईंचं काम लवकर झालं म्हणजे त्या मामांचा पिच्छा सोडतील असाही एक विचार होता. कोणालाही सांगितला नाही.

१८ नोव्हेंबर
दुपारी पूनमचा फोन ऑफिसात. ती मला ऑफिसात फोन करत नाही. रडत होती. मामा कालपासून कवठे येमाईला लग्नाला गेले होते. आज परत येऊन बघतात तर कालव्याकडचं बेणं साफ. ट्रॅक्टर भरून कारखान्याकडे गेलेला. नऊ महिन्यांचा कवळा ऊस. त्यात साखर नाही, आणि आता बेणंही नाही.

मी म्हणालो, पण तो तर सोजरबाईंचा. पूनमने फोन ठेवला.

१९ नोव्हेंबर
रश्मीने शोधून काढलं. ती रिकामी ओळ गायरानाची होती. नकाशात गायरान आहे, यादीत नाही. मी ओळ काढल्यावर त्यापुढची सगळी नावं एकेक घर वर सरकली. म्हणजे प्रत्येक शेतावर शेजारच्याचं नाव. मामांच्या बेण्यावर सोजरबाई, सोजरबाईंच्या तुरा आलेल्या उसावर कोणाचातरी कवळा खोडवा. म्हणून त्यांना टोळी जात नव्हती.

साहेबांना सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या चूक फक्त एका ओळीची आहे. साहेब म्हणाले, "किती शेतकऱ्यांची?" मी म्हणालो, मोजतोय.

मोजलं. इथे लिहीत नाही.

मामांचं सोजरबाईंशी काहीच नाही, एवढी एक गोष्ट तरी स्पष्ट झाली. पूनमला ही चांगली बातमी सांगितली. ती माहेरी गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार
वरवंडला गेलो, मामांना तांत्रिक बाजू समजावायला. कागदावर आकृती काढून नेली होती.

मामा ओट्यावर बसले होते. चिडले असते तर बरं झालं असतं. पाणी दिलं, बसा म्हणाले. मी आकृती उलगडली. लेयर, ओळ, गायरान. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी जावईबापू, तुम्ही आमच्या त्या रानात कदी आलाच न्हाई व्हय?"

आठ वर्षं झाली लग्नाला. मी म्हणालो, ऑफिसचं काम असतं मामा.

"व्हय, आसतंय." एवढंच.

मग चला म्हणाले. या वेळी जेवण जड झालेलं नव्हतं, आकृतीही संपली होती. गेलो. कालव्याच्या कडेने नुसती बुडखी. मामा वाकून एकेक बुडखा बघत होते, कुठं नीट तोडलाय, कुठं चिरलाय. पाणी दिलं की खोडवा फुटंल, म्हणाले. मग बांधापलीकडे बोट केलं. सोजरबाईंचा ऊस. पांढरे तुरे वाऱ्यावर हलत होते. लांबून फार सुंदर दिसत होते. मी तसं म्हणालो. मामा म्हणाले, "तुरा म्हंजी ऊस पोकळ व्हाया लागला."

ज्यांना बेणं कबूल केलं होतं त्यांच्या दारी मामा स्वतः जाऊन सांगून आले. जावयाचं नाव घेतलं नाही, कारखान्याची चूक म्हणाले. पूनमने चहा दिला. साखर होती.

२७ नोव्हेंबर
सोजरबाईंच्या उसाला टोळी गेली. मी स्वतः मुकादमाला फोन करून तीनदा विचारलं, बांधाच्या पलीकडचा ना? तो म्हणाला, "व्हय साहेब, आवंदा मी आधी माणसाला इचारतो, मंग चिठ्ठी वाचतो." हा माझ्यावर टोला होता का, ठरवता आलेलं नाही.

पूनम परत आली. कालची भाजी गरम करून वाढली. हे चांगलं लक्षण आहे.

८ डिसेंबर
नकाशा बंद. वेबसाईटवर त्याच जागी आता चेअरमनसाहेबांचा फोटो आहे. त्याच्यावर क्लिक केलं की काही होत नाही आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

२ जानेवारी २००९
रश्मीला पुण्यात नोकरी लागली. नकाशाचंच काम. पेढे दिले. तिने माझं नाव संदर्भ म्हणून दिलं होतं म्हणे. तिकडून फोन आला, मी तिच्याबद्दल चांगलं बोललो. ती काय करायची हे सांगताना लक्षात आलं की ती बरंच काही करायची.

नवीन वर्षाचा निश्चय: जे काम करीन ते स्वतः बघून करीन.

१२ जानेवारी
साहेबांनी बोलावलं. मला वाटलं नकाशा परत सुरू. तसंच आहे, एका अर्थी. आता एकेक प्लॉट पायी फिरून पडताळायचा. कोणाचा, जात कुठली, लागण कधीची, सगळं शेतात उभं राहून लिहायचं. साहेब म्हणाले, "लेयर तुलाच कळतात, तूच जा." हे कौतुक आहे, असं मी धरून चाललोय. मानेला गुंडाळायला पंचा घेतला. नवीन बूट.

१३ जानेवारी
पडताळणीचा पहिला दिवस. मुद्दाम वरवंड घेतलं, तिथलं तरी मला माहीत आहे म्हणून. बूट चावतात. पंच्याने खाज थांबत नाही. पहिल्या शेताच्या मालकाने विचारलं, कोण पाहिजे? सगळं समजावल्यावर म्हणाला, हौसरावांचे जावई व्हय, आणि ऊस सोडून माझ्याकडेच बघत बसला.

दोन प्लॉट व्यवस्थित लिहिले. तिसऱ्याला जायला उसातून जवळची वाट धरली. चालत राहिलो. पुढे ऊस, मागे ऊस, डोक्याच्या वर ऊस. कालवा डावीकडे असायला हवा होता, आवाज उजवीकडून यायला लागला, मग यायचाच बंद झाला.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "जयसिंग, कुठं आहेस? कोणाच्या प्लॉटात?"

मी चारी बाजूंना बघितलं. "साहेब, रेंज जातेय," म्हणालो आणि फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.