गरोवेला गेलेले बाबा

शारजा, १२ ऑक्टोबर २०००

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज देरा बाजारात तुमच्या सोमाली दोस्ताच्या, वारसमे अंकलच्या दुकानात तुमची खुशाली विचारायला गेले. ते हसत म्हणाले, आता ताप उतरला, फिकीर नको. मी तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसले. कसला ताप? फोनवर तुम्ही फक्त ‘ठीक आहे’ म्हणता!

साठी झाली, व्हिसा संपला, रास अल खोरचं बांधकामाचं यार्ड सुटलं, हे समजू शकते. पण सांगलीला गेला नाहीत, माझ्याकडे टिकला नाहीत, सहा महिन्यांसाठी म्हणून सोमालियात वारसमे अंकलच्या गावी शाळा बांधायला गेलात. वर्ष झालं! फेब्रुवारीत माझं बाळंतपण आहे. आई नाही. जानेवारीत या, आणि परत जाणं खलास. उपेंद्रचाही हाच आग्रह आहे.

रागावलेली, तरी तुमचीच,
सुलक्षणा

गरोवे, ३ नोव्हेंबर २०००

चि. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

मलेरिया होता, गेला. घरमालकीण हालिमोबाईंनी मुलासारखं पाहिलं. मी शाकाहारी आहे हे त्यांना वर्षभर सांगतोय, पण त्यांना तोच माझा मुख्य आजार वाटतो. तापात त्यांनी कसलं सूप पाजलं ते मी विचारलं नाही.

गाव इथल्या प्रांताची राजधानी झाल्यापासून नुसतं वाढतंय. मोगादिशूहून, कॅनडाहून माणसं परततात आणि सामान उतरवायच्या आधी भिंत कुठे घालायची ते विचारतात. मुलींच्या शाळेचे चार वर्ग झाले, स्लॅब बाकी आहे.

खरं सांगू? तुझ्याकडे राहत होतो तेव्हा काहीच कमी नव्हतं. पण तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की मी रिमोट घेऊन बसायचो. कंटाळलो की खाली जाऊन वॉचमन बदरुद्दीनशी गप्पा मारायचो. तोही बिचारा किती ऐकणार! इथे सकाळी फाटकाशी कुणीतरी ‘अदीर’ म्हणून हाक मारतं. अदीर म्हणजे काका. मग दिवस कुठे जातो कळत नाही.

जानेवारीत नक्की येतो. कायमचा मात्र बोलावू नकोस.

तब्येतीला जप, दुधाचा कंटाळा करू नकोस.
तुझा बाबा

शारजा, २० नोव्हेंबर २०००

ती. बाबांस,
सा. न.

बदरुद्दीनला कळलं, मला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी तुम्हाला चहा हवा का एवढंच विचारत होते, हे आज लक्षात आलं. फार वाईट वाटलं. तुम्ही या. बाकीचं समोरासमोर भांडू.

वाट पाहणारी,
सुलू

शारजा, १८ मार्च २००१

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गरोवेला पोहोचल्याचा फोन आला, जीव भांड्यात पडला. तुमची नात दिया आज तुमच्या खोलीकडे बघून रडली. तिला भूक लागली होती, असं उपेंद्रचं म्हणणं. मी मानलं नाही.

तुम्ही तिला मांडीवर घेऊन स्लॅबच्या सळया समजावत होतात, ते मी दाराआडून ऐकलं. फोनवर गरोवेच्या मिस्त्र्याला हिंदी-अरबीत ओरडत होतात तेव्हाचा तुमचा आवाज मी लहानपणी यार्डवर ऐकला होता. इतक्या वर्षांत पुन्हा नाही. म्हणून त्याच दुपारी जाऊन तुमचं परतीचं तिकीट काढलं. तुम्ही काही मागितलं नव्हतंत.

औषधं वेळेवर घ्या. हालिमोबाईंना माझा नमस्कार, आणि सूप त्यांनी देत राहावं. मी विचारणार नाही.

तुम्हाला सोडून एअरपोर्टवरून येताना टॅक्सीत रडले. उपेंद्र म्हणाला, अगं, तिकीट तर तूच काढलंस. मी म्हटलं, म्हणूनच.

माया आहे तशीच राहो.
तुमची सुलू