रांजणाला वाघाची सावली

३ मार्च, सोमवार
विचारायचं नाही म्हणे! माणूस कामावर घ्यायचा आणि त्याचं जन्मवर्ष बारा प्राण्यांतल्या कुठल्या प्राण्याचं, ते विचारायचं नाही! पेई-युनने — माझी नात, सरकारी कचेरीत असते — भिंतीवर कागदच चिकटवला. वय नाही, लग्न नाही, मूलबाळ नाही, रास नाही, रक्तगट नाही. "आमा, कायदा आहे. दंड होतो." मग विचारू काय, हवापाणी?

आ-शुई महिनाअखेरीस थांबतोय. तीस वर्षं सोया सॉसचे रांजण सांभाळून कंबर गेली त्याची. त्याच्या जागी माणूस मिळाला नाही तर माझा मुलगा तायपेईहून येऊन कारखान्याला कुलूप लावणार. मीच शब्द देऊन बसलेय!

४ मार्च
मला एवढंच कळायला हवं — वाघाच्या वर्षातलं माणूस नको. बाळंतिणीजवळ, नवरीच्या खोलीत अशा माणसाला कुणी फिरकू देत नाही. रांजण काय वेगळा? सासूबाईंचा नियम आहे. गेल्या साली दोन रांजण नासले. कुणाच्या पायगुणाने, ते मला ठाऊक आहे. इथेही लिहिणार नाही.

६ मार्च
पहिला उमेदवार, च्यान. सरळ नाही विचारलं मी! गोडीगुलाबीने म्हटलं, "मावशीच्या लग्नात नवरीच्या खोलीत जाऊ दिलं होतं का हो तुम्हाला?" बिचारा टकमक बघत राहिला. टेबलाखालून पेई-युनची लाथ!

"मांजराने डोळे मिटून दूध प्यायलं म्हणजे कायद्याला दिसत नाही होय, आमा?"

माझीच म्हण, मलाच!

७ मार्च
नडगी सुजली.

१० मार्च
पेई-युनची युक्ती — सगळ्यांना एकच परीक्षा. तीन रांजणांतल्या तीन वाट्या. वास घ्या, सांगा. च्यानला पुन्हा बोलावलं. तिन्ही "फारच छान!" दुसऱ्याने विचारलं, दुपारचं जेवण कारखान्याचं का?

तिसरी को वान-चुन. डावी वाटी हुंगली, खाली ठेवली. "मालकीणबाई, हा रांजण गेलाय." माझा सगळ्यात लाडका रांजण! म्हटलं, "चाळीस वर्षं करतेय मी हे." ती म्हणाली, "मग तुम्हीच हुंगा ना."

आ-शुईने हुंगलं. "बाई खरं बोलतेय. मला केव्हापासून वाटत होतं, पण तुमच्यासमोर बोलायचं कुणी?" मेला!

११ मार्च
वान-चुनने झाकण उन्हात धरलं. केसाएवढी चीर! पावसाचं पाणी आत झिरपलेलं. मग आ-शुईने गेल्या सालची दोन झाकणं अडगळीतून काढली. त्यांनाही तशीच चीर.

वान-चुनला सांगितलं, सोमवारपासून या.

१७ मार्च
विम्याचा अर्ज भरायला तिची जन्मतारीख लागली. कामावर घेतल्यावर मागता येते, कागदावर तसं लिहिलंय. वाचली — वाघ!

माझ्या वडिलांनी माझा जन्म वर्षभर उशिरा नोंदवला. वाघामागून सशाचं वर्ष येतं, म्हणून सरकारदप्तरी मी ससा. सासूबाई पाहायला आल्या तेव्हाही आईने ससाच सांगितला. आज नवा रांजण आम्ही दोघी वाघिणींनी मिळून भरला.