कापसाच्या ढिगातली ऊब

सोमवार, दिवेलागण. पांढरकवडा.

आधी वार टाक, राणी. डायरी तुह्या आज्याची अन् विसरभोळी तू. माह्या डोळ्याले आता अक्षर दिसत नाही, सांगतो तसं लिही.

आज तू मले मोठा तारा कसा होते ते सांगतलं. वायूचा ढग आपल्याच वजनानं आत कोसळते, मधात तापते, पेटते. म्हणजे आपल्या कापसाच्या ढिगासारखंच. तुही माय, माही लेक विमल, लहानपणी थंडीत त्यात घुसून झोपे. आत ऊब राहे.

मंग तू म्हणाली, तारा जेवढा मोठा, तेवढा लवकर जळून सरते.

दिवाळीत विमल गेली. सासर-माहेर दोन्ही एकटीनं ओढलं तिनं. जराशी लहान राह्यली असती तर काय बिघडलं असतं? यंदाच्या ढिगात हात घालाची हिंमत होत नाही माही.

रडू नको, शाई पसरते. तुहा बाप तिकडं घरी एकटा आहे, उद्या त्याले भाकर अन् वांग्याची भाजी पाठव. गरमच पाठव.