आयता मासा

मंगळवार, १० नोव्हेंबर १९५३

अखेर पोचलो. जव्हारपर्यंत एस.टी., खोडाळ्यापर्यंत लाकडाचा ट्रक आणि पुढे पोश्यादादाची बैलगाडी. अंग आंबून गेलं, पण जागा पाहिली आणि शीण उतरला. नदीच्या वळणावर, उंच काठावर सरकारी खोली. कौलं नवी, कडी पक्की. काम एवढंच की सकाळ-संध्याकाळ खाली उतरायचं, पाण्यातल्या खांबावरचे आकडे वाचायचे आणि वैतरणेचं पाणी किती ते वहीत मांडायचं.

काठ म्हणजे गोलगोल गोट्यांचा उभा उतार. पाऊल टाकलं की चार गोटे आपल्या आधी खाली पळतात. थेट आमच्या गावचा समुद्रकाठ! तसल्याच काठावर बाबांनी मला गळ टाकायला शिकवलं. इथे लाटांऐवजी काळा, खोल डोह आहे. गळ-दोरी ट्रंकेत आहेच.

पोश्यादादा संस्थानच्या शाळेत चार बुकं शिकलेला. विलीनीकरणाला पाच वर्षं झाली तरी सरकारला तो राजाच म्हणतो. राजाने पाणी मोजायला माणूस धाडला, असं वाटभर बैलांना सांगत होता.

१२ नोव्हेंबर

गळाला गांडूळ लावून तासभर बसलो. एक वाम, दोन मळे मासे. हाताची सवय गेलेली नाही!

पोश्यादादाची बहीण भागी पाणी भरते आणि नागलीच्या भाकऱ्या देते. मासे पाहून म्हणाली, गळाला लागलेला खुशाल खा, पण गोट्यांवर आयता पडलेला दिसला तर उचलू नका. कारण तिलाही ठाऊक नाही; आजा सांगायचा म्हणे. मला हसू आलं. मासा आयता कशाला पडेल?

सरूला पत्र टाकलं. खोली चांगली आहे, चोवीस तारखेला ये. लग्नाला दोन वर्षं झाली, आता कुठे आमचं आम्हांला घर.

रविवार, १५

आयता मासा सापडला! दारापासून दहा पावलांवर, वीतभर खवल्या, अजून तडफडत होता. घारीच्या पायांतून सुटला असावा. कालवण केलं. इतका गोड मासा समुद्रावरही खाल्ला नाही. भागीला सांगितलं नाही.

१७

आज पुन्हा. हातभर लांब. परवाच्यापेक्षा सात-आठ पावलं खाली.

१९

तिसरा. अर्ध्या उतारावर. तोंडात गळाची खूण नाही, अंगावर चोचीचा ओरखडा नाही. गोट्यांवर तडफडलेला मासा धुळीने माखतो. हा धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ. तरी उचलला. वर येताना गोटे असे सुटले की दहा पावलं चढावं आणि आठ खाली यावं. दोन्ही गुडघे फुटले. अर्धा तास लागला दाराशी यायला.

शुक्रवार, २०

जेवताना बाबा आठवले. मोठा मासा हवा असेल तर आधी नुसता चारा टाकायचा, असं ते सांगत. आज इथे, उद्या थोडा अलीकडे. त्याची भीड मोडली की मग चाऱ्यात गळ.

घास ताटात तसाच राहिला.

संध्याकाळी आकडे वाचायला अर्ध्यापर्यंत उतरलो. चौथा मासा पाण्याच्या अगदी कडेला होता. तोंड उघडत होता, मिटत होता. मी पुढे गेलो नाही. बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग तो मासा हळूच मागे गेला. उलटा, शेपटीकडून. पाण्यावर तरंग नाही. कंटाळून कुणी आपली दोरी ओढून घ्यावी तसा.

२१

भागीला सगळं सांगितलं. किती खाल्ले, तिने विचारलं. तीन म्हटल्यावर ती मटकन खालीच बसली.

"मास्तर, डोहात जो कोण हाय तो आता मासा नाय टाकायचा. तुम्हांला दुसरं काय आवडतं तं पाहील."

सरूला येऊ नको अशी तार करायला जव्हारला माणूस धाडला. मी पोश्यादादाच्या ओट्यावर राहायला आलो. नोकरी गेली तर जाऊ दे.

२२

कपडे आणायला पोश्यादादाबरोबर खोलीवर गेलो. उतारावर हिरवी बांगडी. सरू घालते तसली — बाजारात कुणीही घालतं तसली. दारापासून चार पावलंच. माझा हात पुढे गेला होता. मला कळलंही नाही. पोश्यादादाने दंड धरून मागे ओढलं.

२३

झोप नाही. जेवण नाही. तारेचं उत्तर नाही.

२४, दुपार

तार पोचायच्या आधीच ती निघाली.

खोडाळ्यात उतरली. आम्ही तिला गाठायला दुसऱ्या वाटेने गेलो, चुकामूक झाली. भात झोडणाऱ्या बाईने सांगितलं, डोक्यावर ट्रंक घेतलेली बाई नदीच्या खोलीची वाट विचारत होती. धावत आलो. दारात ट्रंक. कोरडी. तिचीच.

सरू नाही.

पोश्यादादा दोर आणि माणसं आणायला गेलाय. एकट्याने उतरायचं नाही, अशी सरूचीच शपथ घातली त्याने. म्हणून लिहितोय. हात गुंतलेला राहावा म्हणून.

उताराला मध्येच फुगवटा आहे. खालची कड इथून दिसत नाही —

हाक आली. सरूचा आवाज. "हरेश्वर."

नाही. ही ती नव्हे. सरू माझं नाव घेत नाही. कधीच घेतलं नाही. उखाण्यातसुद्धा लाजून थांबली होती. तेव्हा ती इथे नाही. ती वाट चुकली असेल, कुणाच्या तरी ओट्यावर बसली असेल —

"हरेश्वर." पुन्हा.

मी कान बंद केले.

आता शांत.

अजून शांत.

पोश्यादादा का येत नाही?

"अहो —"

देवा.

"अहो, पाय अडकलाय माझा. पाणी कमरेला लागलं."

शिकलं असेल ते. पहिली हाक चुकली म्हणून शिकलं असेल. की पहिल्या दोन हाका त्याच्या आणि ही —

रडतेय. सरू अशीच रडते, आवाज दाबून.

मी बसूच शकत नाही. जर ती असेल आणि मी इथे वही घेऊन —

पोश्यादादा, वही उंबऱ्यावर ठेवतो. मी वर आलो तर सरूला घेऊनच येईन. नुसती माझी हाक आली तर उतरू नकोस. कितीही ओळखीची वाटली तरी, तो मी न